थांब म्हणणारी तार

जळगावला मी ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, तिथे दाराच्या मागे एक जुना प्रिंटर पडलेला होता. लांबीला हार्मोनियमएवढा आणि वजनाला तिच्या दुप्पट. कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयाच्या सामानातून क्लासच्या सरांनी दोन टेबलं आणि काही खुर्च्या उचलल्या होत्या, त्यांच्यासोबत तो आला होता. आम्ही त्यावर जेवणाचे डबे ठेवायचो. सर दर महिन्याला म्हणायचे, हा एकदाचा भंगारात द्यायचाय, आणि दर महिन्याला विसरायचे.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न ठरलं आणि मी त्या प्रिंटरच्या मागे लागले.

त्याला कारण होते आबा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना धुळ्याला शाळेत मास्तर, आणि आबा शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी शेती बघायचे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं आणि अकरा वर्षं बोलणं बंद होतं. भांडण काय, तर मंगळवार कोणाचा आणि शुक्रवार कोणाचा. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. पुढे राग यायला लागला, कारण दिवाळीला गावी जायचं बंद झालं आणि मोठ्या आईच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, हातचं काहीही आमच्या घरी येईनासं झालं.

लग्नाची यादी नाना सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. आमच्याकडे यादीला मान असतो. कोणाचं नाव कोणाच्या आधी, हे ठरलेलं असतं, आणि गावातल्या भाऊबंदांत आबांचं नाव पहिलं यायला हवं होतं. नानांनी ते पहिलं घेतलं नाही. माझं पेन थबकलं. मग दहा-बारा नावं झाल्यावर, दोन चुलत्यांच्या मधे, वहीकडे न बघता त्यांनी आबांचं नाव सांगितलं आणि लगेच पुढचं नाव घेतलं. जणू मला ऐकूच जाऊ नये. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आई मात्र थापायची थांबली.

नाना स्वतः गावी जाऊन अक्षता देणार नव्हते, तेवढं काही त्यांच्याने होत नव्हतं. पण पत्रिका जाणार होती. आबा आले तर आले. ताईच्या लग्नात आबा यावेत, एवढं एकच त्या महिन्यात आमच्या घरात प्रत्येकाच्या मनात होतं आणि कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं.

पाकिटांवरचे पत्ते मी कॉम्प्युटरवर छापून आणीन, असं मी जाहीर करून टाकलं. मिरवायची हौस, दुसरं काय. नानांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं की आमच्या मुलीचा कॉम्प्युटर मराठीत पत्ते छापतो. आता मागे फिरायची सोय उरली नाही.

आमच्या क्लासच्या एका कॉम्प्युटरमध्ये मराठीसाठी वेगळं कार्ड बसवलेलं होतं. पडद्यावर मराठी सुरेख दिसायची. पण नवा प्रिंटर ती छापायला लागला की कागदावर नुसत्या फुल्या आणि चौकोन उमटायचे. तेव्हा मला दारामागचा म्हातारा आठवला. त्या कार्यालयाचा कारभार मराठीत होता, म्हणून त्याच्या पोटातच देवनागरी अक्षरं बसवलेली होती. सोबत त्याचा कागदही होता, दोन पदरी, मधे कार्बन असलेला. मी डबे उचलून बाजूला ठेवले आणि त्याची धूळ झटकली.

त्याची स्वतःची केबल कॉम्प्युटरच्या मागच्या लांब भोकात चपखल बसली. मी खूश झाले. कळ दाबली, आणि काहीच झालं नाही. दोन दिवस मी तीच केबल काढत आणि लावत होते. सर म्हणाले, "बसतंय म्हणजे चालतंय असं नसतं, मॅडम." ते भोक नव्या प्रिंटरसाठी होतं. हा जुना प्रिंटर वेगळ्या पद्धतीचा, एकेक अक्षर एकाच तारेवरून एकामागे एक घेणारा. त्याला लागणारं भोक दुसरंच होतं, लहान, नऊ पिनांचं, आणि तिथे ही केबल लागतच नव्हती.

मग मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून कनेक्टर आणले आणि स्वतः कथलाचे डाग देऊन केबल बनवली. बोटं भाजली. प्रिंटरच्या पुस्तिकेत बघून मी कॉम्प्युटरची बोलण्याची, म्हणजे अक्षरं पाठवायची, तार प्रिंटरच्या बोलण्याला आणि ऐकण्याची तार ऐकण्याला जोडली, कारण मला ते नीटनेटकं वाटलं. प्रिंटर पुन्हा गप्प. सर दुपारी डबा खाताना म्हणाले, "भंगारवाला सोमवारी येतो." मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही.

माझ्या खोलीच्या मालकीणबाईंचे दीर भुसावळला रेल्वेत होते. आयुष्यभर त्यांनी टेलिप्रिंटर दुरुस्त केले आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे जा, असं बाईंनी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी मी प्रिंटर चादरीत गुंडाळला आणि एसटीत बसले. मांडीवर ते धूड. नशिराबादला एक बाई शेजारी येऊन बसली, चादरीवर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "शिलाई मशीन का? कोणत्या कंपनीचं?" मी हो म्हटलं. भुसावळ येईपर्यंत तिनं मला ब्लाउजच्या बाह्या कशा लावायच्या ते समजावलं.

त्या काकांनी प्रिंटर ओट्यावर ठेवून घेतला, माझी केबल उलटसुलट पाहिली आणि हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

"पोरी, दोघंही बोलतायत इथे," ते म्हणाले. "ऐकणार कोण? कॉम्प्युटरची बोलायची तार प्रिंटरच्या कानाला दे. एक तार जमिनीची, दोघांत सामाईक. आणि तिसरी तार थांब म्हणायची."

"कोण थांब म्हणणार?"

"हा. याचं पोट लहान आहे. तुझा कॉम्प्युटर भराभरा सांगतो, हा सावकाश छापतो. पोट भरलं की हा थांब म्हणतो. ती तार नसेल तर तो सांगत राहील आणि ह्याच्या हातून सांडेल."

त्यांच्या घरात केबल होती ती दोनच तारांची. तिसरी तार बाहेरून सुटी ओढली तर आठ दिवसांत तुटेल, असलं काम मी करत नाही, असं म्हणाले. तीन तारांची चांगली केबल बाजारातून घेऊन पुढच्या आठवड्यात ये. मी म्हटलं, पत्रिका परवा छापून येतायत, मला वेळ नाही. त्यांनी मग दोन तारांची जोडून दिली, झाकणाखालची बारीक बटणं सरकवून गती लावून दिली, आणि दारापर्यंत येऊन पुन्हा सांगितलं, "दहा नावं पाठव. तो थांबला की पुढची दहा. घाई करायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये मी कॉम्प्युटरला सांगितलं की प्रिंटर आता या भोकाला आहे, आणि दहा नावं पाठवली. म्हातारा खाकरला, त्याचं डोकं एकदा या टोकाला जाऊन आलं, आणि कागदावर माझ्या मामांचं नाव उमटलं, काना-मात्रेसकट. मी सरांना हाक मारली. ते आले, चष्मा वर करून वाचलं आणि नुसतं "हं" म्हणाले, पण भंगारवाल्याचं नाव त्यानंतर निघालं नाही.

दहा नावं, थांबा. दहा नावं, थांबा. दर दहा नावांना तो तीन-चार मिनिटं घ्यायचा. आजोळ झालं, धुळं झालं, जळगाव झालं. शेवटी गाव उरलं. पाचची बॅच जिन्यात येऊन उभी राहिली होती, मला पाचच्याच गाडीनं धुळ्याला निघायचं होतं, आणि इतका वेळ सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की काका उगाच जास्त काळजी करतायत असं मला वाटलं. मी गावची सगळी चाळीस नावं एकदम पाठवून दिली.

तो न थांबता छापत राहिला. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं. एकच लेबल बिघडलं होतं, एका चुलत्याचं नाव आणि भलत्याचंच आडनाव. ते मी फेकून दिलं आणि त्या चुलत्याचा पत्ता हातानं लिहिला. कार्बनची प्रत खणात टाकली.

धुळ्याला आई, ताई आणि मी पत्ते कापून खळीनं पाकिटांवर चिकटवले. नाना एरवी सगळं दोनदा तपासणारे. वाण्याची यादीसुद्धा लाल पेनानं खुणा करून तपासायचे. त्या दिवशी त्यांनी वही हातात घेतली आणि परत ठेवली. म्हणाले, "मशीननं केलंय, त्यात काय बघायचं." माझ्याकडे बघून म्हणाले ते. मला फार अभिमान वाटला होता तेव्हा.

गावाचा गठ्ठा एका चुलतभावाजवळ गेला. त्यानं पाकिटावरचं नाव वाचून घरोघर वाटप केलं आणि निरोप पाठवला, सगळ्या पोचल्या. उरलेल्या पाकिटांवरून काही कळायचं कारण नव्हतं, जास्तीच्या पत्रिका प्रत्येक लग्नात उरतातच. आणि आमच्याकडे ज्याला पत्रिका येत नाही तो विचारत नाही. पत्रिका मागायची नसते. रुसून बसायचं, लग्नाच्या दिवशी दार लावून घ्यायचं, पुढची वीस वर्षं आठवण ठेवायची, पण तोंडानं विचारायचं नाही.

आबांकडून काहीच आलं नाही. एरवी लग्न कळलं की भाऊबंद येऊन विचारून जातात, काय मदत लागते म्हणून. आठ दिवस गेले, दहा गेले. आईनं मला पत्रात लिहिलं, नाना जेवत नाहीत नीट. म्हणतात, आपण एक पाऊल टाकलं, त्यांनी नाही टाकलं, विषय संपला.

त्याच आठवड्यात मी क्लासमधल्या विद्यार्थ्यांची यादी एकदमच त्या प्रिंटरवर काढली. तिला क्रमांक होते. तेवीसनंतर एकदम एकतीस आला. मी कागदाकडे बघत उभी राहिले. लग्नाच्या यादीला क्रमांक नव्हते.

खणातली कार्बनची प्रत काढली आणि वहीशी ताडून पाहिली. गावच्या नावांत सात घरं गायब होती, ते बिघडलेलं लेबल जिथे होतं त्याच्या लगेच पुढे. चौथं नाव आबांचं. पाकिटं चिकटवताना ते दुसरीच्या हातून गेलं असं आम्ही तिघींनी धरलं होतं.

मी सरांच्या खुर्चीत बसून रडले. मला आठवत होतं ते नानांचं वहीकडे न बघता नाव घेणं. अकरा वर्षांनी त्या माणसानं एकदाच ते नाव तोंडातून काढलं, आणि मला पाचची गाडी पकडायची होती. सरांनी दुपारच्या बॅचेस स्वतः घेतल्या आणि मला म्हणाले, "भुसावळला जाऊन या."

काकांनी तीन तारांची केबल जोडली. मी सगळं सांगितलं. "मी सांगितलं होतं," असं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते म्हणाले नाहीत. काम झाल्यावर प्रत्येक डाग ओढून पाहिला आणि केबल माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी मी वहीतली गावची चाळीस नावं एकदम पाठवली. म्हातारा मधे थांबला, कॉम्प्युटर थांबला, मग दोघं पुढे गेले. चाळीसच्या चाळीस आली. मी त्यातली सात कापून घेतली आणि रविवारी धुळ्याला गेले.

नानांना मी उभ्यानंच सांगितलं. दोन तारा, तीन तारा, दहा नावं, चाळीस नावं. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, वही आणि कार्बनची प्रत शेजारी ठेवली आणि पहिल्या नावापासून खुणा करत बसले. आजोळ, धुळं, जळगाव, सगळं. तास गेला. मला इतकी चीड आली, कारण चूक कुठे आहे ते मी सांगितलं होतं. शेवटच्या पानावर आबांच्या नावापाशी पेन आलं, तेव्हा ते थांबले.

"म्हणजे त्यांना पत्रिका गेलीच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"चूक तुझी आहे."

"हो."

"आणि तपासायचं काम माझं होतं," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. सहा पाकिटांवर माझी लेबलं चिकटवली. सातव्यावर आबांचं नाव स्वतः लिहिलं, वळणदार, पोरांना कित्ता घालून द्यावा तसं. मग आईला म्हणाले, अक्षतांना कुंकू लाव. सोमवारी शाळेला त्यांनी रजा टाकली. लग्नासाठी ठेवलेल्या रजेतली एक कमी झाली.

सकाळच्या गाडीनं आम्ही गावात उतरलो. ऊन चढायला लागलं होतं. फाट्यापासून आबांच्या घरापर्यंत जाताना सातांतली तीन घरं वाटेवरच लागत होती. मी पहिल्या घराशी पिशवीत हात घातला. नाना चालतच राहिले. दुसऱ्या घराशी ओट्यावर माणसं बसलेली होती, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी हळूच म्हटलं, "नाना, हे घर पण आहे." ते थांबले नाहीत.

आबा ओट्यावर बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. नाना पायरीखाली उभे राहिले. आबांनी वर पाहिलं, आणि पुन्हा शेंग फोडली. मोठी आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला बघून तिचे डोळे भरले. "बस, माय," म्हणाली. कोणीच बसलं नाही.

नाना बोलायला लागले. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, पण त्यांना वाक्य जुळेना. मशीन म्हणाले, तार म्हणाले, नाव यादीत होतं म्हणाले.

आबा अहिराणीत म्हणाले, "मशीननी मनंच नाव खादं का?"

मग मी पुढे झाले. कार्बनची प्रत त्यांच्यासमोर पसरली आणि वही दाखवली. हे मी केलं आबा, घाई केली, असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वहीतली नावं वाचली. स्वतःच्या नावापाशी बोट थांबलं. ते नाव नानांनी मधेच कुठेतरी घातलेलं होतं, हे त्यांना दिसलं असणार. सात घरं त्यांनी मोजली.

"आनि बाकीना सा घरं?" त्यांनी नानांना विचारलं, उरलेल्या सहा घरी आधी जाऊन आला का ते. "तठे जाई उना का तू?"

"नही," नाना म्हणाले. "त्या रस्तामाज व्हतात, भाऊ. पहिले आठे उनू." घरं वाटेवर होती, तरी आधी इथे आलो, हे त्यांनीही अहिराणीतच सांगितलं.

आबांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफलं झटकली. मग उजवा हात पुसून तळवा पुढे केला. नानांनी त्यावर अक्षता ठेवल्या आणि वाकून पाया पडले. आबांनी त्यांना उठवलं नाही, नुसता दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. पत्रिका मोठ्या आईनं घेतली.

"टोपी आन मनी," आबा तिला म्हणाले. आणि नानांना म्हणाले, "चाल. त्या सा घरे मीबी येस."

दोघं पुढे निघाले, मी मागे पिशवी घेऊन. मघाशी तोंड फिरवलेली माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. कोणी रामरामसुद्धा केला नाही. आबा त्यांच्यासमोर जाऊन थांबले, टोपी नीट केली आणि नानांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आम्हनी पोरनं लगीन शे. बठ्ठासनी येवानं."

नाना त्यांच्या शेजारी उभे होते. आमच्या पोरीचं लग्न, सगळ्यांनी यायचं, हे आबांनीच सांगून टाकलं होतं. मला तेव्हा इतकं रडू आलं की त्या घरी पत्रिका द्यायची राहूनच गेली.